जुन्नरास जाणाऱ्यांनी घोडा आणू नये

जुन्नर पाहायला निघालेली मंडळी वैशाखऱ्यापाशी गाडीची काच चार बोटं खाली करतात. "काका, जुन्नरला हाच रस्ता ना?" हो म्हणावं लागतं. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत आलेला हा रस्ता माळशेज चढून देशावर जातोच. पण मनातून वाटतं, बाबांनो, जुन्या शहरात शिरायचं तर जुन्या दारानं शिरावं. ते दार इथे, आमच्या डोक्यावर आहे. नाणेघाट.

सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल सातवाहनांच्या काळात याच वाटेनं जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. तेव्हा गाडी गावातच कुणाच्या तरी परवानगीनं लावा आणि चालू लागा. दोन-तीन तास लागतात. शहरातले लोक तेच अंतर "दीड तासात मारलं" असं सांगतात. त्यांच्याशी वाद घालू नये. पाणी भरपूर घ्यावं. पावसाळ्यात शेवटच्या दगडी चढणीवर शेवाळ असतं, तिथे बुटांची किंमत नव्हे, तळवा पाहावा. खाऊची पिशवी हातात मिरवू नये, वर माकडं आहेत आणि ती हल्ली विचारत नाहीत.

घाटमाथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, असं सांगतात. टोलनाक्यावर कुरकुरणाऱ्यांनी त्याच्याजवळ जरा थांबावं. त्याआधी गुहा लागते. तिच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दक्षिणा दिली, सगळा हिशेब आकड्यांनिशी. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक, सातकर्णी, स्वतः नागनिका, राजपुत्र. आता वर नावं आहेत आणि खाली काहींची नुसती पावलं. ग्रुप फोटोत सगळ्यांची मुंडकी कापली जावीत, तसं. कर्नल साइक्सनं 1828 साली या लेखाकडे विद्वानांचं लक्ष वेधलं. वैशाखऱ्याच्या गुराख्यांना गुहा ठाऊक होतीच, पण त्यांना कुणी निबंध लिहायला सांगितला नव्हता.

वर घाटघर. तिथून जुन्नरची एसटी कधी आहे ते आधी विचारून ठेवावं, आणि सांगणाऱ्याच्या "येईल की"चा अर्थ आपल्या धीराप्रमाणे लावावा. वाटेत पूरचं कुकडेश्वराचं देऊळ चुकवू नये.

जुन्नरात काय पाहावं? शिवनेरी तर पाहालच. लेण्याद्रीच्या पायऱ्याही चढाल. मी म्हणेन, मानमोडीच्या डोंगरातली लेणी पाहा. जुन्नरच्या लेण्यांत यवनांचे, म्हणजे परदेशी माणसांचे, दानलेख आहेत. इरिल नावाच्या यवनानं पाण्याच्या दोन टाक्या दिल्या, चिट नावाच्यानं भोजनमंडप. एकानं पाणी, दुसऱ्यानं जेवण. हे दोघे आमचाच घाट चढून गेले असणार, असा माझा तर्क आहे. पुरावा मागू नका, एकदा चढून पाहा.

आता घोड्याचं. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरून जुन्नरात आला आणि पावसाळाभर अडकला. त्याच्या लिहिण्यात रात्रंदिवस पाऊस आणि चिखल आहे. हे वर्णन आजही दुरुस्त करावं लागत नाही. विकायला त्यानं शंभर रूबलचा घोडा आणला होता. जुन्नरच्या खानानं तो काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा. मुदत चार दिवस. एका खुरासानी सरदारानं रदबदली केली म्हणून घोडाही सुटला आणि धर्मही. तो घोडा त्यानं पुढे बिदरला विकला. वर्षभराच्या चाऱ्याचा खर्चही त्यानं नोंदवून ठेवलाय, म्हणजे माणूस पक्का व्यापारी. यावर 1957 साली 'परदेसी' हा सिनेमाही निघाला, त्यात नर्गिस होती.

पुढे 1657 साली शिवाजी महाराजांनी एका रात्री जुन्नरवर छापा घातला. तीन लाख होन आणि दोनशे घोडे घेऊन गेले. एकूण जुन्नरात घोडं सांभाळणं अवघडच.

चारचाकीचंही फारसं वेगळं नाही. बाजाराच्या दिवशी जुन्या पेठेत गाडी घातलीत तर आत जाता येतं, बाहेर यायला संध्याकाळ होते. शिवजयंतीला तर शिवनेरीच्या वाटेवर गाडीपेक्षा पाय पुढे पोचतात. म्हणून म्हणतो, गाडी खालीच ठेवा. गावात मासवडी खाऊन, ओतूरवरून माळशेज उतरणारी कल्याणची एसटी पकडा, आणि वैशाखरे म्हणून कंडक्टरला तिकीट काढतानाच बजावून ठेवा. उतारावर डोळा लागला, तर टोकावड्याहून उलटं चालत यावं लागतं.