आत्याचं उत्पन्न

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली आणि बिलनपुऱ्यातल्या आमच्या आत्याची झोप उडाली. शेजारच्या सुनेला दर महिन्याला पंधराशे रुपये, आत्याला छदाम नाही. आत्या अडुसष्टची, आणि सरकारी हिशेबात पासष्टीनंतर बहीण लाडकी राहत नाही.

"मंग मी काय दोडकी हाव का?" तिनं मलाच विचारलं.

मी समजावलं, "तू आता बहीण नाहीस, श्रावणबाळाची आई आहेस." श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. वय पासष्टच्या वर, पैसे तेवढेच, पंधराशे. नाव ठेवणाऱ्यानं गोष्ट अर्धीच ऐकलेली असणार. श्रावणबाळ पाणी आणायला गेला तो परत आलाच नाही, आणि आईबाप तहानलेलेच राहिले. (की पूर्ण ऐकूनच ठेवलं?)

अट एकच जाचक: वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत. लाडक्या बहिणीच्या कुटुंबाला अडीच लाखांपर्यंत मुभा आणि म्हातारीला २१ हजार, म्हणजे महिन्याचे साडेसतराशे. हा हिशेब ज्यानं केला त्यानं परतवाड्याच्या बाजारात एकदा तुरीच्या डाळीचा भाव विचारावा.

अर्ज केल्यावर उत्पन्नाच्या चौकशीला पटवारी घरी आले. आत्यानं खुर्ची पुसली, चहा ठेवला, सांभारवड्या तळल्या. पटवाऱ्यांनी पहिली वडी तोंडात टाकून विचारलं, "आजी, कमाई किती?"

मी मागून खुणा करत होतो. पण आत्यानं हयातभर कुणापुढे हात पसरला नव्हता, आता पटवाऱ्यापुढे थोडाच पसरणार! "देवाच्या दयेनं कमी नाई साहेब. शेवया हायेत, कुरड्या हायेत, दोन बकऱ्या हायेत. पाच हजार तं महिन्याचे कोठीच गेले नाई."

शेवया-कुरड्या उन्हाळ्यातले दोन महिने. बकऱ्यांपैकी एक भाकड. पण दाखला साठ हजारांचा निघाला आणि अर्ज नामंजूर झाला.

मग मी पेटलो. २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम काढला. पहिलं अपील, दुसरं अपील, शेवटी आयोग. 'सदर वृद्ध व निराधार विधवेवर घोर अन्याय' असं झोकात सुरू करून तीन पानं लिहिली. कचेरीतल्या बाबूनं ती शांतपणे वाचली. कचेरी कोणती ते सांगत नाही, मला अजून तिथं कामं आहेत.

"भाषा मस्त हाय तुमची," तो म्हणाला. "पन अपील कायच्यावर करता? विनाकारण नाकारलं असंन तं अपील. इथं कारन आजीनंच देल्लं. नवा दाखला आना."

घरी येऊन मी आत्याची तालीम घेतली. मी पटवारी, ती निराधार. चार वेळा तिनं पाच हजारच सांगितले. पाचव्यांदा वैतागून म्हणाली, "खोटं नाई बोलवत रे बापा."

"अगं, खोटं तर तू मागच्या वेळी बोललीस!"

ती गप्प झाली. कागद घेऊन आम्ही दोघांनी खरा हिशेब मांडला. वर्षाचे साडेअठरा हजार भरले. आत्यानं तो आकडा दोनदा बघितला आणि कागद उलटा करून ठेवला. त्या दिवशी मी पुढं काही बोललो नाही.

दुसऱ्या खेपेला पटवाऱ्यांना तिनं साडेअठराच सांगितले. पण वड्या मात्र दुप्पट तळल्या. त्यांनी वड्या खाल्ल्या, आकडा लिहिला आणि दोन्हींबद्दल अवाक्षर काढलं नाही. माणूस समजदार.

मंजुरी आली, पैसे येईनात. दर महिन्याला खातं कोरडं. आत्या म्हणायची, "आपली शकुंतला गाडी रखडत रखडत का होईना, मुर्तिजापूरले पोचे तं खरी!" मी पुन्हा अपिलाला बसलो. या खेपेला मायना आणखी जहाल होता.

मग बँकेतल्या मुलीनं सांगितलं की आजकाल पैसा आधारच्या मागं जातो, पासबुकाच्या मागं नाही. आधार शेवटचं ज्या खात्याला थेट लाभासाठी जोडलं, तिकडंच तो जमा होतो. आत्याचं एक जुनं खातं दुसऱ्या बँकेत होतं, गॅसच्या सबसिडीसाठी उघडलेलं. पासबुक तांदळाच्या डब्यात सापडलं. भरून आणलं तर त्यात चार महिन्यांचे सहा हजार रुपये बिनबोभाट पडले होते.

तेव्हा तुमच्याही घरी कुणाचे पैसे अडकले असतील, तर अपील लिहायच्या आधी तांदळाचा डबा बघा. माझी अपिलं दोन्ही तयार आहेत, हवी असतील तर नाव बदलून घेऊन जा.