पोटाला कात्री

माझं ऑपरेशन ठरल्याची बातमी आमच्या घरात सगळ्यांत शेवटी मला कळली. पुण्याच्या डॉक्टरांनी "विचार करून सांगा" म्हणून आम्हाला परत धाडलं होतं आणि मी आपली खरोखरच विचार करत बसले. तेवढ्यात आमच्या यांनी डेअरीवर दूध घालता घालता चौघांचा सल्ला घेतला, त्या चौघांनी आपापल्या घरी विचारलं, आणि शाळेच्या वाटेवर एका पालकानं मला गाठून विचारलं, "बाई, पोट कधी काढून टाकताय?"

काढून टाकत नाहीत हो, कमी करतात, हे सांगता सांगता माझी निम्मी ताकद ऑपरेशनच्या आधीच संपली. कामथडी पडलं हायवेवरचं गाव. नसरापूर एका अंगाला, कापूरहोळ दुसऱ्या. बातमीला गाडी मिळायला इथं वेळ लागत नाही.

वजन १०४ किलो आणि उंची पाच फूट एक इंच. गुडघे बोलायला लागलेले, साखर वाढलेली, आणि घोरणं असं की यांनी उन्हाळ्याचं निमित्त करून गच्चीवर अंथरूण नेलं ते थंडीतही खाली आणलं नाही. डॉक्टरांनी बीएमआय काढला, ४३. आपल्या लोकांना पोटावरची चरबी लवकर बाधते, म्हणून आशियाई माणसासाठी ऑपरेशनची रेघ खाली ओढलेली असते. आमच्या डॉक्टरांनी धरलेली ३७.५, आणि साखर किंवा बीपी असेल तर ३२.५. विम्याचा हिशोब वेगळा. तिथं बीएमआय ४० लागतो, किंवा गंभीर आजार सोबतीला असेल तर ३५. जन्मात पहिल्यांदा मी कशात तरी भरघोस मार्कांनी पास झाले होते.

प्रश्न होता आत्यांचा. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर पुरंदरच्या कोरड्या अंगाचं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली आहे आणि सुकडी खाऊन दिवस काढलेले आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मिश्रीचं बोट दातांवरून एकदा फिरवलं आणि म्हणाल्या, "आमी पोट भराया खडी फोडली. तू पोट कापाया पैसं देनार व्हय?"

यावर बोलण्यासारखं आमच्याकडं काही नव्हतं. तरी यांनी मोठी माणसं पुढं केली. गडकरींनी २०११ साली मुंबईत वजनाचं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा ते भाजपचे अध्यक्ष होते. आत्या म्हणाल्या, "त्यांचं बरंय. दिल्लीत कोन आग्रह करतंय?" मग यांनी जोगावतांची गोष्ट काढली. २०१७ ला मुंबई महापालिकेच्या मतदानादिवशी लेखिका शोभा डे यांनी एका अवाढव्य पोलिसाचा फोटो ट्विटरवर टाकून मुंबईच्या बंदोबस्ताची टिंगल केली. पोलीस निघाले मध्य प्रदेशातले, इन्स्पेक्टर दौलतराम जोगावत, वजन १८० किलो. देशभर बोभाटा झाला, आणि त्याचा शेवट असा की ज्या डॉ. मुफझल लकडावालांनी गडकरींचं ऑपरेशन केलं, त्यांनीच जोगावतांचंही केलं. चेष्टेतून माणसाचं असं भलं झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. आत्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "तुजाबी फोटू टाकला का कुनी?"

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. दुर्बिणीतून जठराचा पाऊण हिस्सा किंवा थोडा जास्तच कापून बाहेर काढायचा, उरतं ते केळ्याच्या आकाराचं. कापलेल्या भागातच भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जास्त तयार होतं, म्हणून जागेबरोबर भूकही आटते. ही विद्या सुचली तीही गमतीनंच. अमेरिकेत आयोवामध्ये एडवर्ड मेसन नावाच्या सर्जनच्या लक्षात आलं की अल्सरसाठी ज्यांचं जठर कापलं, ती माणसं काही केल्या अंग धरत नाहीत. त्यावरून त्यांनी १९६६ मध्ये लठ्ठपणासाठी जठराची पहिली बायपास केली. म्हणजे एका रोग्याची तक्रार दुसऱ्या रोग्याचं औषध झाली.

मुहूर्त मे महिन्याच्या सुट्टीतला निघाला. आता मे महिन्यात ज्याला खायची बंदी आहे, त्यानं भोर तालुक्यात राहू नये. लग्नं, जत्रा, आणि माळ्यावर गवतात घातलेली आंब्याची अढी. मला ऑपरेशनआधी दोन आठवडे भात बंद, पोळी जवळपास बंद, साखर बंद. नुसतं प्रोटीनचं पाणी, ताक, उकडलेली अंडी, कोशिंबीर. घरच्या इंद्रायणीचा वाफाळता भात समोरून दुसऱ्याच्या ताटात जाताना पाहणं ही काय चीज आहे, ते डाएटिशियनच्या तक्त्यात कुठंच लिहिलेलं नसतं. हे सगळं कशासाठी, तर यकृतावरची चरबी उतरावी म्हणून. जाड माणसाचं यकृत सुजून जठरावर पसरलेलं असतं, ते लहान झालं तर सर्जनला बाजूला उचलून धरता येतं. आत्यांना मी समजावलं, "आत्या, काळजाला चरबी धरलीय माझ्या." त्यांचा चेहरा एकदम उजळला. जत्रेच्या बोकडाचं असलं काळीज त्यांनी पाहिलेलं होतं, आणि त्याला घरात किती मान असतो तेही.

हॉस्पिटलातून एक खेळणंही मिळालं होतं. तीन नळ्या, तीन रंगीत गोळ्या, एक तोटी. तोटीतून श्वास आत ओढायचा, गोळ्या वर चढतात. भूल उतरल्यावर छातीत कफ साठू नये म्हणून आधीपासून सराव. माझी एकच गोळी कशीबशी उठायची आणि दमून खाली बसायची. आत्या दोन दिवस हे बघत होत्या. तिसऱ्या दिवशी ते यंत्र त्यांनी माझ्या हातातून घेतलं, पदर खोचला आणि डोळे मिटून असं जोरात फुंकलं की नळ्यांवर वाफ धरली. गोळ्या जागच्या हलल्या नाहीत.

"आत्या, आत ओढायचं असतं."

"जनम चुलीत फुंकन्यात गेला," त्या यंत्राकडं तिरस्कारानं बघत म्हणाल्या, "आत वडायला कोन शिकवलंय?"

तंबाखूची चौकशी झाली तेव्हाही त्या सोबत होत्या. तंबाखूनं जखम लवकर भरत नाही, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, म्हणून काही आठवडे आधीच सोडावी लागते. "आमच्यात कुनी तंबाखू खात न्हाई," आत्या ठासून म्हणाल्या, आणि मिश्रीची डबी कमरेला आणखी खोल सारली.

ऑपरेशनबद्दल मला सांगता येण्यासारखं काही नाही, मी झोपले होते. जाग आली ती खांद्याच्या कळेनं. कात्री पोटाला आणि ठणका खांद्याला, मला वाटलं चुकीच्या जागी कापलं. पण दुर्बिणीसाठी पोट गॅसनं फुगवतात, तो राहिलेला गॅस श्वासपटलाला टोचतो आणि दुखणं खांद्यात उमटतं. यावर उपाय म्हणजे चालणं. संध्याकाळीच सिस्टरांनी घट्ट मोजे चढवलेल्या पायांवर मला उभं केलं आणि कॉरिडॉरमध्ये वरात काढली.

घरी येताना एक उशी पोटाशी धरून बसा म्हणून कुणीतरी सांगितलं होतं. त्या माणसाचं भलं होवो. सीटबेल्ट आणि टाके यांच्या मधे ती उशी नसती तर गतिरोधकांनी मला गाठलंच असतं. फक्त डोळ्यांना बांधायला काही दिलं नव्हतं. कात्रजचा बोगदा ओलांडला की कामथडीपर्यंत दोन्ही बाजूंना मिसळ, भेळ, वडे, आणि पाट्याच पाट्या: अनलिमिटेड थाळी. माझ्या पोटाचं लिमिट तेव्हा खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरच्या प्लास्टिकच्या झाकणाएवढं होतं.

आणि ते झाकण आत्यांच्या ताब्यात गेलं. तीस मिली, घोट घोट, पंधरा मिनिटांनी पुन्हा. आधी डाळीचं पाणी, ताकाची निवळ, शहाळ्याचं पाणी. मग मिक्सरमधून काढलेलं मऊ मऊ. ज्या बाईनं जन्मभर कुणाला "पुरे" म्हणू दिलं नव्हतं, ती झाकण डोळ्यांसमोर धरून रेघ मोजायला लागली. एक थेंब वर गेला तर परत भांड्यात. मी गटकन गिळलं तर "आगं ये, म्हस पान्यावर सोडलीय का?"

गावानं मात्र आपल्या परीनं निदान केलं होतं. बाई हॉस्पिटलातून आली, पोटाला पट्टा, हळू चालते, म्हणजे बाळंतीण. अळिवाची खीर आली, डिंकाचे लाडू आले, एकीनं तर गावरान कोंबडीचा रस्सा किटलीतून आणला. आत्या दारातच बसायच्या. आलेल्या माणसाचा अपमान करायचा नाही आणि आलेला जिन्नस सुनेपर्यंत जाऊ द्यायचा नाही, हे दोन्ही त्यांनी फार सोप्या रीतीनं साधलं. "ठिवा हितं. मी देते तिला." खिडकीतून मला फक्त त्यांची पाठ दिसायची आणि डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज यायचा.

चालण्याची वेगळीच फजिती. रोज चाला, वजन उचलू नका, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. पण कामाशिवाय चालणारा माणूस आमच्याकडं कुणाला पाहवत नाही. चार पावलं टाकली की मोटरसायकल थांबलीच. "बाई, बसा, सोडतो." कुठं जायचंच नाहीये म्हटलं की तो जास्त काळजीत पडायचा आणि यांना फोन लावायचा. शेवटी मी हातात रिकामी पिशवी धरून चालायला लागले. पिशवी दिसल्यावर कुणी काही विचारेना.

आखाडात मटण झालं तोवर मला साधं जेवण सुरू झालं होतं. जेवताना पाणी नाही, पुढं अर्धा तास नाही, आधी प्रोटीन आणि प्रत्येक घास पंचवीस-तीस वेळा चावायचा. मी वाटीत दोन फोडी घेतल्या. पहिला घास तोंडात गेला आणि पंगत थांबली. पुतण्या मोठ्यानं मोजत होता. बावीसपर्यंत आल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, गिळा आता, आमची जेवणं निवाय लागली." दुसरी फोड मी तशीच ठेवली, ती कुठं गेली हे मी पाहिलं नाही, पण आत्या माझ्या शेजारी होत्या.

कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले तेव्हा मी घाबरले. वजन झपाट्यानं उतरलं की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असं होतं, पुढं केस परत येतात, प्रोटीन दिवसाला साठ ग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका आणि बी-१२, लोह, कॅल्शियम आता जन्मभर, असं डॉक्टरांनी सांगितलं. आत्यांनी माक्याचं तेल दिलं. केस दोघांनाही श्रेय देऊन परत येतील असं दिसतंय. नसरापूरच्या टेलरनं ब्लाउज आत घेता घेता उरलेल्या कापडाचं काय करू म्हणून विचारलं.

पुण्याला तपासणीला गेलो तेव्हा आत्याही आल्या, झाकणाची जबाबदारी त्यांची होती ना. काट्यावर मी उभी राहिले. ८४. डाएटिशियन टाळ्या वाजवायचीच बाकी होती. मग आत्या चपला काढून स्वतःच काट्यावर चढल्या. तिनं आकडा बघितला, पहिल्या भेटीत हौसेनं केलेली नोंद काढली आणि भुवया उंचावल्या.

"आजी, तुमचं पाच किलो वाढलंय."

"माजं न्हाई ते," आत्या काट्यावरून उतरता उतरता म्हणाल्या. "हिचंय. हिच्या वाटचं मी खाल्लं."