श्रीमान एबी फॉर्म यांसी एका इच्छुकाचे खुले पत्र

प्रति,
श्रीमान एबी फॉर्म,
मुक्काम : पक्षनिरीक्षकांची हँडबॅग,
व्हाया भुसावळ-अकोला-बडनेरा.

विषय : उमेदवार निवडण्याचे काम लोकांवर सोपवण्याच्या अमेरिकन खुळापासून वऱ्हाडास वाचविणेबाबत.

महोदय,

अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाबद्दल आमच्या इर्विन चौकात फार वाईट वाईट ऐकू येते. तिथे म्हणे राष्ट्राध्यक्षपदाचे तिकीट कोणाला द्यायचे, हे पक्षाचे साधे मतदार ठरवतात. एकेका राज्यात रांगा लावून मते देतात, मोजतात आणि मग उमेदवार ठरतो. याला ते प्रायमरी म्हणतात. २००८ साली ओबामा आणि हिलरीबाई जानेवारीपासून जूनपर्यंत एकमेकांची चारचौघांत उणीदुणी काढत राहिले. सहा महिने, राजेहो! आमच्याकडे सहा महिन्यांत माणूस तीन पक्ष फिरून मूळ पक्षात परत येतो आणि स्वागताच्या हारातली फुलेही तोवर सुकत नाहीत. २०२० मध्ये आयोवात पहिलीच फेरी झाली आणि मोजणी कळवायचे अ‍ॅप बसले. निकाल काही दिवस लागेना. वऱ्हाडात तिकिटाचा निकाल लागायला अ‍ॅप लागत नाही. साहेबांचा फोन लागतो, किंवा लागत नाही. दोन्हींत निकाल असतो.

तरी त्यांच्याकडे पूर्वी थोडी समज होती. सुपरडेलिगेट म्हणून सातशे-आठशे वजनदार मंडळी असत, आणि मतदारांनी काहीही सांगितले तरी ती आपल्या मर्जीने मत देत. २०१६ मध्ये हिलरीबाईंशी लढणाऱ्या सँडर्स यांच्या माणसांनी त्यावर गहजब केला, आणि २०१८ मध्ये पक्षाने या मंडळींना पहिल्या फेरीत जवळजवळ मुके करून टाकले. हे वाचले तेव्हा मला आधी तुमचीच काळजी वाटली. वजनदार माणसाला मुके करायचे खूळ एकदा सुटले, की ते आज ना उद्या समुद्र ओलांडून हँडबॅगपर्यंत पोचणारच.

तुमची आणि त्यांची कुंडली मात्र जुळते. १९६८ च्या ऑगस्टअखेर शिकागोत डेमोक्रॅट पक्षाचे अधिवेशन भरले. ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकाही प्रायमरीत उभे न राहता उमेदवारी मिळवली. बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या, आत मंडपात आरडाओरडा. अधिवेशन २९ तारखेला आटोपले आणि दोनच दिवसांनी, ३१ ऑगस्टला, आपल्या निवडणूक आयोगाचा चिन्हांविषयीचा आदेश निघाला. तुम्ही त्याच आदेशाच्या पोटचे. तिथे त्या गोंधळातून धडा घेऊन तिकीट लोकांच्या हाती दिले. इथे पक्षाने सही केलेला कागद आणील तो उमेदवार, असे ठरले. एकाच आठवड्यात दोन देशांनी दोन वाटा धरल्या. आपली वाट सरळ विश्रामगृहावर जाते, हे आमचे भाग्य.

तुमच्या थाटाचे मला कौतुक आहे. तुमच्यावरची सही शाईचीच लागते. रबरी शिक्का चालत नाही, फॅक्सने आलेले तुम्ही चालत नाही. शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तुम्ही अंगाने हजर पाहिजे. या देशात शाईला इतका मान दोनच जागी उरला आहे : मतदाराच्या बोटावर आणि तुमच्या पायथ्याशी. दोहोंत आधी कोणती शाई वाळते, हे ज्याला कळले त्याला राजकारण कळले.

तुमच्या आगमनापूर्वी मुलाखतींचा कार्यक्रम असतो. निरीक्षक विश्रामगृहात बसतात. प्रत्येक इच्छुक चार गाड्या माणसे घेऊन येतो, आत जातो, आपण कसे निवडून येऊ ते जातवार आकड्यांसह सांगतो. निरीक्षक लिहून घेतल्यासारखे करतात. बाहेर पडताना सर्वांना एकच वाक्य ऐकवले जाते : ‘सर्व्हेत तुमचं नाव वर आहे, भाऊ.’ एका जागेसाठी सर्व्हेत वर असलेली चौदा-पंधरा माणसे त्या संध्याकाळी राजकमल चौकात एकमेकांना मिठाई भरवताना दिसतात. अमेरिकेत हरणाऱ्याला निदान आपण किती मतांनी हरलो ते कळते. आमच्याकडे कोणी हरतच नाही. नाव फक्त ‘वरून कापले जाते’. कोणी कापले, हे विचारणाऱ्याला पुढच्या वेळी मुलाखतीलाही बोलावत नाहीत.

अध्यक्षीय तिकिटाची चुरस बघायला अमेरिकेत जायची गरज नाही, हे अमरावतीने २००९ मध्येच दाखवून दिले. तेव्हा राष्ट्रपतीपदावर प्रतिभाताई पाटील होत्या. शहरातली विधानसभेची जागा काँग्रेसचीच. तिथून दोनदा निवडून आलेले, राज्यमंत्री असलेले डॉ. सुनील देशमुख तिकिटासाठी बसले होते. तुम्ही गेलात प्रतिभाताईंचे चिरंजीव राजेंद्र शेखावत यांच्याकडे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी तिकीट मागतात. आमच्याकडे राष्ट्रपती आधी झाल्या, तिकीट मागाहून घरी आले. देशमुख अपक्ष उभे राहिले आणि साडेपाच हजारांच्या आसपास मतांनी हरले. एवढ्या फरकाला अमेरिकेत प्रायमरी म्हणाले असते. आमच्याकडे बंडखोरी म्हणाले.

पुढे देशमुख भाजपमध्ये गेले आणि २०१४ मध्ये शेखावतांना हरवून आमदार झाले. २०१९ मध्ये काँग्रेसच्या सुलभा खोडके यांनी भाजपच्या देशमुखांना हरवले. २०२१ मध्ये देशमुख काँग्रेसमध्ये परतले. २०२४ मध्ये विधान परिषदेच्या मतदानावरून काँग्रेसने खोडके यांच्यावर कारवाई केली, त्या अजित पवारांच्या राष्ट्रवादीत गेल्या आणि काँग्रेसच्या देशमुखांना त्यांनी पुन्हा हरवले. चेहरे तेच, जागा तीच, पंजा तेवढा या हातातून त्या हातात गेला. भाजपचे जुने मंत्री जगदीश गुप्ता यांनी मित्रपक्षाला सुटलेल्या त्या जागेवर अपक्ष म्हणून दंड थोपटले ते वेगळेच. या सगळ्या काळात तुमच्या मनात काय चालले होते, हे कधीतरी आत्मचरित्रात लिहा. मी घेईन विकत.

आता जे लोक ‘आपल्याकडे पण मतदान घेऊन तिकीट द्या’ म्हणतात, त्यांना सांगा की तेही करून झाले. २०१४ च्या लोकसभेआधी राहुल गांधींच्या हौसेने काँग्रेसने देशातल्या पंधरा-सोळा जागांवर प्रायमरी घेतली. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा. वर्धा म्हणजे परके नव्हे. त्या लोकसभा मतदारसंघात आमच्या जिल्ह्यातले मोर्शी आणि धामणगाव रेल्वे येतात. मतदार कोण? आम जनता नाही. पक्षाचे पदाधिकारी, आजी-माजी लोकप्रतिनिधी, युवक काँग्रेसची पोरे. म्हणजे ज्यांना नेत्यांनी पदे दिली त्यांनीच नेता निवडायचा. वर्ध्यात तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे जिंकले आणि लोकसभेला भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून दोन लाखांवर मतांनी हरले. लातूरचे दत्तात्रय बनसोडेही हरले. पण खरी बहार पुढे आहे. त्याच वर्षी मेघे मंडळी भाजपमध्ये गेली! काँग्रेसने लोकशाही मार्गाने, गुप्त मतदानाने, भाजपसाठी कुटुंब निवडून दिले. वडोदऱ्यात तर नरेंद्र रावत प्रायमरी जिंकले आणि मोदी समोर येताच त्यांना मधुसूदन मिस्त्रींसाठी बाजूला व्हावे लागले. मतपेटीचा निकाल तुम्ही एका सहीत फिरवलात. तुमचा अभिमान वाटतो तो यासाठी.

मात्र एक गोष्ट मला पटत नाही. धामणगाव तालुक्यातल्या तळेगाव दशासरला शंकरपट भरतो. तिथे जोडी पटावर सुटते, सेकंद मोजले जातात, मग तिची किंमत ठरते. न पळवलेल्या बैलावर शहाणा माणूस पैसा लावत नाही. त्याच तळेगावात आम्ही न पळवलेल्या उमेदवाराला खांद्यावर घेऊन नाचतो. तुम्ही म्हणाल, बैल आणि उमेदवार यांत फरक आहे. मान्य. बैल पटावरून दुसऱ्याच्या गोठ्यात पळत नाही.

जुने जाणते म्हणतील की पक्षांतर्गत निवडणूक म्हटली की मारामारी आलीच, आणि सुरतेचा दाखला देतील. तोही खरा. १९०७ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या अध्यक्षपदावरूनच सुरतेला रण माजले होते. रासबिहारी घोष नकोत, लाला लजपतराय हवेत, म्हणून टिळकांची माणसे उठली. त्यांत आमच्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. मंडपात खुर्च्या उडाल्या. एक मराठी वळणाचा, तांबड्या कातड्याचा, तळाला शिसे ठोकलेला जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींना चाटून फिरोजशहा मेहतांना लागला. नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता, म्हणून इतिहासाला जोड्याचा रंगसुद्धा माहीत आहे. पण बारकाईने पाहा : तो जोडा अध्यक्ष कोण, या प्रश्नावर उघड्या मंडपात फेकला गेला. आता जोडे चालतात ते बंद खोलीत, आणि ते कोणाला लागले याचा पत्ता थेट मतमोजणीच्या दिवशी लागतो.

कारण, महोदय, तुम्ही प्रायमरी बंद केली हा तुमचा भ्रम आहे. तुम्ही तिची तारीख पुढे ढकलली. ती आता मुख्य निवडणुकीच्याच दिवशी, त्याच यंत्रावर, सरकारी खर्चाने होते. २०२४ ची अमरावती लोकसभा आठवा. २०१९ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर अपक्ष निवडून आलेल्या नवनीत राणा आता भाजपच्या झाल्या. महायुतीतलेच आनंदराव अडसूळ रुसले. महायुतीतच बसलेल्या बच्चू कडूंनी प्रहारतर्फे दिनेश बूब यांना उभे केले. ४ एप्रिलला अर्जाची शेवटची तारीख, आणि त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने राणांचे जातप्रमाणपत्र वैध ठरवले. तुमच्या तीन वाजण्याला एवढी धडधड कधी नसेल. मग सायन्स स्कोअर मैदानावर ऐन प्रचारात बच्चू कडू परवानगीचा कागद दाखवत पोलिसांशी भांडत होते, कारण मैदान अमित शहांच्या सभेला हवे होते. निकाल : दर्यापूरचे तेव्हाचे आमदार, काँग्रेसचे बळवंत वानखडे १९,७३१ मतांनी विजयी. बूब यांना ८५,३०० मते. ती सारी राणांचीच होती असे मी म्हणणार नाही, कारण मतांवर मालकाचे नाव नसते. पण महायुतीचे भांडण आधीच्या महिन्यात एखाद्या मंगल कार्यालयात मिटले असते, तर अठरा लाखांवर मतदारांना त्याचे वऱ्हाडी व्हावे लागले नसते.

त्याच वर्षीच्या विधानसभेला तर तुम्ही लाज सोडली. मोर्शीत महायुतीच्या दोन पक्षांनी दोघांना अधिकृतपणे उभे केले : भाजपकडून उमेश यावलकर, अजित पवारांकडून तेव्हाचे आमदार देवेंद्र भुयार. त्याला नाव दिले ‘मैत्रीपूर्ण लढत’. जिंकले यावलकर. २०१४ मध्ये याच मोर्शीने काँग्रेसची प्रायमरी पाहिली होती, २०२४ मध्ये महायुतीची पाहिली. दर्यापुरात शिंदेसेनेचे अभिजित अडसूळ एकीकडे आणि युवा स्वाभिमानचे रमेश बुंदिले दुसरीकडे. दोघेही महायुतीचे. निवडून आले उद्धवसेनेचे गजानन लवटे. अकोला पश्चिम म्हणजे लालाजींचा, गोवर्धन शर्मांचा गड. १९९५ पासून ते जाईपर्यंत भाजपचा. तिथे तुम्ही विजय अग्रवाल यांच्याकडे गेलात, तेव्हा पक्षाचेच हरीश आलिमचंदानी अपक्ष उभे राहिले. काँग्रेसचे साजिद खान पठाण १,२८३ मतांनी आले. बंडखोराची मते त्या फरकाच्या कितीतरी पट.

विरोधकांनी हसू नये. अकोल्यात लोकसभेला त्यांनीही तेच केले. महाविकास आघाडी आणि वंचितच्या बैठकांवर बैठका झाल्या, जमले नाही. मग काँग्रेसचे डॉ. अभय पाटील आणि प्रकाश आंबेडकर दोघेही भाजपच्या अनुप धोत्रेंविरुद्ध उतरले. धोत्रे ४०,६२६ मतांनी जिंकले, आंबेडकरांना पावणेतीन लाखांवर मते पडली. जी बेरीज बैठकीत करायची, ती मतमोजणीच्या गोदामात झाली. तोवर उशीर झाला होता.

डेमोक्रॅट मंडळींनाही अखेर आपली चव लागली आहे. २०२४ मध्ये बायडन प्रायमऱ्या जिंकले, २१ जुलैला बाजूला झाले, आणि कमला हॅरिस यांना त्या वर्षी एकही प्रायमरी न लढता उमेदवारी मिळाली. पुढचे माहीतच आहे. एकदा अमरावतीला या म्हणावे, गिला वडा खाऊन जा, आणि बंडखोराचा अर्ज मागे घ्यायला लावताना कोणते महामंडळ दाखवायचे ते शिकून जा. तिथे रुसलेल्यांना राजदूत करतात. तेवढे देश आमच्याकडे नाहीत.

आता माझ्या कामाचे. वर्षानुवर्षे सतरंज्या उचलून माझी कंबर गेली, पण मी तुमचा वरचा रकाना मागत नाही. तुमच्यावर खाली आणखी एक रकाना असतो, पर्यायी उमेदवाराचा. मूळ उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला तर पक्षाचे चिन्ह त्या पर्यायाला मिळते. तिथे नाव घालताना कोणी भांडत नाही. बहुधा उमेदवाराच्या बायकोचे नाहीतर ड्रायव्हरचे घालतात. यंदा तिथे माझे घाला. छाननीच्या दिवशी मी जिल्हाधिकारी कचेरीत सकाळपासून हजर असेन. आपल्या अधिकृत उमेदवाराच्या शपथपत्रात एक रकाना कोरा राहणार आहे. मला ठाऊक आहे, कारण दरवेळी त्यांचे शपथपत्र भरायला मीच बसतो.

आपला,
आजन्म इच्छुक