मालवणात जेवायचं कुठे?

मालवणला जाणार आहोत हे आधी कुणाला सांगू नये. रजेच्या अर्जावर 'घरगुती कारण' लिहावं आणि गुपचूप गाडी काढावी. कारण मालवणला जाऊन आलेल्या प्रत्येक माणसाकडे तिथली एक खानावळ असते आणि ती आपल्या गळ्यात मारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. नुसतं नाव सांगून तो थांबेल तर शपथ. सोबत अटी असतात. "भरडावरून खाली बाजारात उतरायचं आणि कुणालाही विचारायचं. बोर्डबिर्ड काही नाही. पण मुलगा वाढत असेल तर बसू नकोस, आई असेल तरच बस. आणि माझं नाव सांग." हे सांगणारा गृहस्थ तिथे कधी काळी एकदाच जेवलेला असतो, त्यातही अर्धा वेळ त्याने ताटाचे फोटो काढलेले असतात. त्याचं नाव सांगितल्यावर ती माउली आपल्याकडे, उधारी बुडवून गेलेल्या माणसाचा भाऊ दारात आल्यासारखी बघते.

आमच्याकडे असे सल्ले भरपूर जमले होते आणि त्यातले कुठलेही दोन एकमेकांशी जुळत नव्हते. शिवाय आमचा काफिला. मी, बायको, चिरंजीव, मेहुणे, त्यांची बायको आणि आत्या. मेहुण्यांचा सल्ल्यांवर विश्वास नाही, ताऱ्यांवर आहे. ज्योतिषातल्या नव्हे, फोनमधल्या. साडेचार ताऱ्यांच्या खाली ते पाणीसुद्धा पीत नाहीत. आत्याचा गुरुवार असतो. चिरंजीवांना जगात कुठेही नेलं तरी नूडल्स लागतात. बायकोला कुठलंही ठिकाण चालतं, फक्त मी सुचवलेलं सोडून.

मालवणात शिरलं की पाट्या सुरू होतात. 'घरगुती मालवणी जेवण'. दोन घरं सोडून 'अस्सल घरगुती मालवणी जेवण'. त्याच्यासमोर 'शुद्ध घरगुती', आणि त्याखाली बारीक अक्षरात चायनीज. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून इथल्या कितीतरी पडव्यांमध्ये टेबलखुर्च्या आल्या आणि अंगणांना गाड्या लावायची जागा म्हणायला लागले. ह्या पाट्या अर्थातच गावकऱ्यांसाठी नाहीत. मालवणच्या माणसाला मालवणी जेवण कुठे मिळतं हे सांगायला पाटी कशाला लागेल? त्याच्या घरी मिळतं.

सकाळी आम्ही किल्ला केला, आणि माझ्या मते हीच मालवणच्या जेवणाची पहिली पायरी आहे. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं आणि तीनेक वर्षांत समुद्रात किल्ला उभा केला. धक्क्यावरून होडी निघते. तट समोर दिसत असतो, पण दरवाजा काही केल्या दिसत नाही. बुरुजांच्या वळणात तो असा दडवलाय की अगदी जवळ गेल्याशिवाय शत्रूला पत्ता लागू नये. मालवणातल्या चांगल्या खानावळींनी हे धोरण जसंच्या तसं उचललंय. हमरस्त्यावर जे झगमगतं ते शत्रूसाठी. खरा दरवाजा बोळाच्या वळणात, तुळशीवृंदावनाच्या मागे.

किल्ला ४८ एकरांचा आहे. उन्हात तेवढं फिरल्यावर माणूस तटाचा चिरासुद्धा खाईल. त्यात गाइड गोड्या पाण्याच्या तीन विहिरी दाखवतो आणि नावं सांगतो: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारट समुद्र असताना बेटावर गोडं पाणी, ही केवढी नवलाची गोष्ट! पण दुपारी एक वाजता उपाशी माणसाला दूध, दही, साखर ऐकवली की इतिहासावरून लक्ष उडतं. मेहुण्यांनी साखरबावीच्या काठावर उभं राहूनच फोन काढला.

धक्क्यावर उतरल्यावर आमची सभा भरली. मेहुणे वाचून दाखवू लागले. "भावोजी, हे बघा, चार पूर्णांक सहा." मी खालचे अभिप्राय वाचायला सांगितले. एकाने लिहिलं होतं, जेवण फार तिखट आहे, एक तारा. त्याखाली दुसऱ्याने लिहिलं होतं, जेवण अजिबात तिखट नाही, एक तारा. तिसऱ्याची तक्रार होती की माशाला काटे होते. बायको म्हणाली, "अहो, आता तुम्हीच काय ते ठरवा ना." मी ठरवलं. "तिथे नको," ती म्हणाली. रिक्षावाला बराच वेळ आमची चर्चा ऐकत होता. "खंय जातलास?" त्याने विचारलं. जेवायला, असं सांगितल्यावर तो हसला आणि म्हणाला, "मगे सांजचे जावा. आता काय गावतला?"

आम्ही ऐकलं नाही. भूक लागलेला पुणेकर स्थानिक ज्ञानाला किंमत देत नाही. रस्त्यावरच्या एका झगमगीत, एसी, चार पूर्णांक सहा तारे असलेल्या हॉटेलात आम्ही शिरलो.

इथे थाळी ह्या प्रकाराबद्दल थोडं सांगायला हवं. सुरमई थाळी, पापलेट थाळी, बांगडा थाळी अशी नावं वेगळी, दर वेगळे. पण ताट नीट बघा. आमटी बहुतेक ठिकाणी सगळ्यांना एकाच पातेल्यातली. भात तोच, चपाती तीच, सोलकढीची वाटी तीच, सुक्या जवळ्याची चिमूटही तीच. फरक काय तो तळलेल्या तुकडीचा. दुप्पट पैसे आपण त्या एका तुकडीचे मोजतो. सुट्या पापलेटच्या पुढे तर दरपत्रकात आकडाच नसतो, 'साइझप्रमाणे' असं लिहिलेलं असतं. साइझ विचारला की वाढपी दोन हात पसरून दाखवतो. ताटात येईपर्यंत मासा त्या दोन हातांच्या मधे कुठेतरी आकसून बसतो. आमच्या सुरमईला रव्याचा एवढा जाड थर होता की उकरत उकरत सुरमईपर्यंत पोचलो तोवर आमटी गार झाली. चिरंजीवांचे नूडल्स मात्र उत्तम होते, हे त्यांनी प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितलं.

संध्याकाळी आम्ही दांडीच्या किनाऱ्यावर गेलो. होड्या लागत होत्या. होडी लागली की वाळूवर माशांचे ढीग पडतात आणि लिलाव सुरू होतो. तिथे मेनूकार्ड नाही, साइझप्रमाणे नाही, जो काय साइझ आहे तो समोर उड्या मारतोय. कोळणी, खानावळवाल्या, व्यापारी सगळे गोल करून उभे. आकडे इतक्या वेगात चढतात की आपण खिशात हात घालेपर्यंत ढीग विकला गेलेला असतो. एक बाई कुणाकडे न बघता वाकल्या, एका बांगड्याचे कल्ले अंगठ्याने उघडून लालभडक आहेत ना ते पाहिलं, पोटावर बोट दाबलं, बोट काढल्यावर खळगा राहत नाही ना ते पाहिलं, आणि दोन शब्दांत एक पाटी घेऊन चालू पडल्या. मेहुण्यांना तारे मोजायला अर्धा तास लागतो, हे सगळं अर्ध्या मिनिटात झालं.

आत्या म्हणाली, "अरे, ती बाई जिथे जाईल तिथे जेवा की."

त्या दिवशी गुरुवार होता आणि आत्या मासे खाणार नव्हती, म्हणूनच बहुधा तिचं डोकं ताळ्यावर होतं. आम्ही सहाही जण त्या पाटीच्या मागे निघालो. एक बोळ, दुसरा बोळ. तिसऱ्या वळणावर बाई थांबल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय ओ, माज्या मागसून कित्याक येतास?"

मच्छिंद्र कांबळींच्या 'वस्त्रहरण'च्या पुण्याईवर मी म्हणालो, "जेवूक."

"मगे तसा सांगा मां. आठ वाजता येवा."

आठ वाजता आम्ही पडवीत बसलो होतो. मेहुण्यांनी सवयीने विचारलं, पापलेट आहे का? "आसा," बाई म्हणाल्या, "पण फ्रीजातलो. पैशे कित्याक घालवतास? आज बांगडो बरो आसा, तो खावा." स्वतःच्या फायद्याच्या विरोधात बोलणारा हॉटेलवाला मेहुण्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. त्यांनी फोन खिशात ठेवला.

मुंबईच्या गिरणगावात कोकणातून गेलेल्या बायकांनी गिरणी कामगारांसाठी खानावळी चालवल्या. तिथे कुणी काय खाणार हे विचारत नसे. आज जे शिजलंय ते ताटात, आणि पाळीची वेळ गाठायची. मालवणातली खरी खानावळ अजून त्याच कायद्यावर चालते. समुद्रातून काय आलं ते ठरतं, मग बाई ठरवतात, आणि आपल्या वाट्याला फक्त पाट ओढून बसणं येतं. आमची दुपारची अख्खी सभा त्यामुळे बेकायदा ठरते.

बांगड्याला तिरक्या चिरा पाडून त्यात मसाला भरला होता. वर रवा नाही, तांदळाच्या पिठाचा नुसता हात. कडा कुरकुरीत, आत काट्यापासून सरळ सुटून येणारं मांस. आमटीत तिरफळं होती. ती चावायची नसतात, बाजूला काढायची असतात, हे चिरंजीवांना सांगायच्या आत त्यांनी एक चावलं. तिरफळाने जीभ बधिर होते. पुढचा काही वेळ आमच्या पंगतीला अशी शांतता लाभली की तिरफळं थोडी पुण्याला न्यावीत असं बायकोने सुचवलं.

आणि सोलकढी. खानावळ कशी आहे हे सोलकढी पाहून कळतं, हे माझं मत मी कुणाशीही भांडून सिद्ध करीन. नारळाचं दूध, कोकमाचं आगळ, लसूण, मिरची, कोथिंबीर. खरी सोलकढी फिकट असते आणि थोडा वेळ ठेवली की वर-खाली वेगळी होते, ढवळून प्यायची. डोळ्यात भरेल इतकी गुलाबी दिसली आणि तासभर तशीच्या तशी राहिली, तर पुढचं काही न मागवता निघावं. बाईंच्या सोलकढीला रंग जवळजवळ नव्हताच. मेहुण्यांनी चार वाट्या प्यायल्या.

पण त्या रात्री सगळ्यांत चांगलं जेवली ती आत्या. तिच्यासाठी बाईंनी काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं. भाजलेल्या खोबऱ्याचं काळपट, दाट वाटप, मऊ शिजलेले वाटाणे, सोबत गरम वडे. आधी बायकोने 'जरा चव बघते' म्हणून वाटी पुढे केली, मग मेहुण्यांच्या बायकोने, मग मी. आत्याने वाटी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "तुमचा गुरुवार नाहीये." त्यावर बाई पहिल्यांदा मोकळेपणी हसल्या.

आता नाव सांगा, असं तुम्ही म्हणाल. नाव मी विचारलंच नाही, आणि माहीत असतं तरी दिलं नसतं. एवढे सल्ले खाऊन झाल्यावर आणखी एक वाढायची माझी इच्छा नाही. मालवणला गेलात तर संध्याकाळी दांडीवर जा, कल्ले उघडून बघणारी बाई शोधा आणि अदबीने मागे चालू लागा. आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवसांत मात्र जाऊ नका, तेव्हा मासाही मिळत नाही आणि खुर्चीही. ह्या जत्रेची तारीख पंचांगात ठरलेली नसते, त्यामुळे निघण्याआधी विचारून घ्या. आणि यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत कुणी 'एकदम ताजं पापलेट' म्हणून आग्रह करू लागला, तर काळ्या वाटाण्याचं सांबारं मागवा आणि वडे दोन जास्त सांगा.