आठ डॉलरचा माणूस पडद्यावर कसा आणावा

सदर मार्गदर्शन उत्तर अमेरिकेत वाढलेल्या आणि आई-बाबांनी पंचाहत्तरी ओलांडल्यावर एकाएकी घराण्याच्या इतिहासाची ओढ लागलेल्या मराठी मुलामुलींसाठी आहे. पात्रतेच्या अटी दोन. हाताशी बरा फोन असावा, आणि या सगळ्या गोष्टी आपल्याला पाठ आहेत अशी पक्की समजूत असावी. दुसरी अट पहिल्याच बैठकीत गळून पडते, पण तिच्यावाचून कुणी सुरुवातच करत नाही.

पूर्वतयारी म्हणून एकच चित्रपट पाहावा. मार्टिन स्कॉर्सेसीने १९७४ साली आपल्या आईवडिलांना न्यूयॉर्कमधल्या त्यांच्याच घरात बोलतं केलं आणि ‘इटालियनअमेरिकन’ हा ४९ मिनिटांचा माहितीपट केला. आई मधूनच उठून स्वयंपाकघरात सॉस बघायला जाते, वडील मधूनच तिचं बोलणं दुरुस्त करतात. शेवटी श्रेयनामावलीत चक्क त्या सॉसची कृती येते. ही कल्पना उचलायचा मोह होईल. आवरावा. आपल्याकडे कृतीत ‘अंदाजाने’ हा शब्द इतक्यांदा येतो की पडदा त्यानेच भरेल.

आता ध्वनी. चित्र कसंही चालतं, आवाज बिघडला की संपलं. चित्रासाठी दोघांना खिडकीपाशी बसवावं, पण खिडकी पाठीशी नको. आवाजासाठी फ्रिज बंद करावा. चित्रीकरणवाल्यांची जुनी युक्ती अशी की गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायचा राहत नाही. मराठी घरात ही युक्ती वापरताना आधी आईला सांगून ठेवावं. नाहीतर किल्ली दह्याच्या भांड्यामागून निघते आणि दिवसभर तोच विषय होतो. आईला साधी सुती साडी नेसायला सांगावं. ती पैठणीच नेसेल. रेशमाची सळसळ, बांगड्या आणि माईकवर आपटणारं मंगळसूत्र हे गृहीत धरून माईक पदराच्या बराच वर लावावा. शेवटी खोलीची नुसती शांतता तीस सेकंद मुद्रित करून घ्यायची असते, संकलनात जोड झाकायला ती लागते. तीस सेकंद कुणी बोलायचं नाही म्हटल्यावर बाबा बाराव्या सेकंदाला विचारतील, “झालं का?”

मुलाखतीची सुरुवात बाबाच करतील, आणि ती आठ डॉलरनेच होईल. १९६५च्या अमेरिकन कायद्याने देशवार कोटे मोडीत काढले आणि शिकलेल्यांना दार उघडलं. तिकडे भारत सरकार परकीय चलन तोलूनमापून देत होतं. म्हणून त्या पिढीतला जो तो आठ डॉलर खिशात घालून उतरला. रुपयाच्या १९६६च्या अवमूल्यनानंतर त्याचे साठ रुपये होत. ही गोष्ट बाबांनी महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात, शाळेच्या जिमखान्यात उभं राहून, अनेकदा सांगितलेली असते. विराम कुठे, हशा कुठे, सगळं बसलेलं. ती पूर्ण होऊ द्यावी. अडवू नये, खरं-खोटं करू नये. कॅमेरा मात्र आईवर ठेवावा.

कारण ती म्हणेल, “अहो, आठ कुठले? सासूबाईंनी कोटाच्या अस्तरात वीस शिवून दिले होते ना!”

बाबा म्हणतील, “ते बंद कर आधी.” हे तिला की कॅमेऱ्याला, याचा निवाडा करत बसू नये, चित्रीकरण चालू ठेवावं. पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी रिझर्व्ह बँकेचा माणूस न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घराच्या दारात उभा राहील अशी भीती या पिढीच्या मनातून गेलेली नाही. आई आपल्याच ओघात पुढे सांगेल की वर्षभराने ती आली तेव्हा ते उसवलेलं अस्तर तसंच लोंबत होतं आणि तोच कोट घालून हा माणूस कामावर जात होता. मंडळाच्या माईकवर हे वर्ष कधी आलेलं नसतं. इथे प्रश्न विचारू नये.

“तेव्हा कसं वाटायचं?” हे तर कधीच विचारू नये. उत्तर ठरलेलं आहे: “वाटायचंय काय?” वस्तू हातात द्यावी. सांताक्रूझ विमानतळावरचा फोटो काढावा: मधे हार घातलेले बाबा, भोवती आख्खी आळी. मधल्या माणसाबद्दल विचारण्यात अर्थ नाही, कडेला अर्धा कापला गेलेला कोण ते विचारावं. निळी एरोग्राम्स काढावीत, ज्यांच्या घडीवरसुद्धा आजोबांनी मजकूर कोंबलेला असतो. ट्रंक कॉल परवडत नसे म्हणून घरचे आवाज कॅसेटवर भरून टपालाने येत. त्या कॅसेटी आधी डिजिटल करून घ्याव्यात, टेप कुणासाठी थांबत नाही. भारतातून आलेली मामाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट मात्र इथल्या व्हीसीआरवर कधीच लागली नसेल, तिकडे पाल पद्धत आणि इकडे एनटीएससी. घरात तिच्यापायी वर्षानुवर्षं मामावरच राग निघालेला असतो.

प्रश्न मराठीत विचारावेत, मोडक्या का होईना. इंग्रजीत विचारलं की दोघंही व्हिसाच्या खिडकीपुढे बसल्यासारखी बोलतात. मोडकं मराठी ऐकलं की ती तुमचं व्याकरण सुधारायला लागतात आणि कॅमेरा विसरतात.

एक बैठक आईची एकटीची हवी. बाबांना दूध आणायला पाठवावं. ते तीन दुकानांतले भाव बघून येतात, तेवढा वेळ पुरतो. एम.एस्सी. झालेली बाई दुकानाच्या गल्ल्यावर का उभी राहिली ते तेव्हाच कळतं. आणि एक प्रश्न दोघांना वेगवेगळा विचारावा: परत जायचं कधी ठरलं होतं? बाबा म्हणतील, तसं ठरलं असं काही नव्हतं. आई वर्ष सांगेल, महिना सांगेल, आणि कुठली भांडी कुणाला देऊन टाकली तेही सांगेल. संकलनात ही दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवावीत. मध्ये संगीत घालू नये, सतार तर अजिबात नको.

साठवणुकीचा नियम साधा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. फिलाडेल्फियाची ‘साडा’ ही संस्था २००८ पासून दक्षिण आशियाई अमेरिकनांची कागदपत्रं, फोटो, आठवणी डिजिटल रूपात जपते. तिथेही विचारता येईल. अस्तराचा भाग देण्यापूर्वी बाबांची लेखी परवानगी घ्यावी.

कच्चं संकलन आधी त्या दोघांना दाखवावं लागतं. आई म्हणेल, मी केवढी जाड दिसते. बाबा वही घेऊन बसतील आणि दर दोन मिनिटांनी थांबवायला लावतील. वीस नव्हते, पंधरा होते, ते म्हणतील. मग शिवले कुणी, अस्तर कुठलं, कोट कुणाचा, यावर पुन्हा जुंपेल, आणि आजवर कुणी न उच्चारलेलं एका आत्याचं नाव निघेल. अशा वेळी फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावलेला नसावा.