भाऊ कॅमेऱ्यात आहेत

२६/११ नंतर राम प्रधान समितीने मुंबईत सीसीटीव्ही बसवायला सांगितले. हल्ला २००८ चा, जाळं पूर्ण झालं २०१६ मध्ये. मधल्या काळात निविदा निघाल्या, बारगळल्या, पुन्हा निघाल्या. २०११ मध्ये बॉम्बस्फोट घडवणाऱ्यांना ही प्रक्रिया संपेपर्यंत कळ काढण्याचं भान नव्हतं.

आता मात्र गल्लोगल्ली सुरक्षा आहे. चोरी झाली, बसवा कॅमेरा. छेडछाड झाली, बसवा आणखी दोन. खांबावर कॅमेरा मुठीएवढा, खाली 'सौजन्य' असं लिहिलेली पाटी दाराएवढी. समोरच वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यामुळे गॉगल लावलेले भाऊ चोवीस तास रेकॉर्ड होतात. त्याच खांबावरचा दिवा पावसाळ्यापासून बंद आहे, पण दिवा दुरुस्त केल्याचं उद्घाटन करता येत नाही. रात्रीची गस्त वाढवली तर तिला फीत कुठे बांधणार?

तरी कॅमेऱ्याचा उपयोग नाही असं कोण म्हणेल? पूर्वी मंगळसूत्र गेलं की पोलीस 'अज्ञात इसमाविरुद्ध' गुन्हा नोंदवायचे. आजही तसाच नोंदवतात. फक्त आता त्या अज्ञात इसमाचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलेला असतो.