फडक्याची बखर

आमच्याकडील उपाहारगृहांचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या भावी संशोधकाने मालकांच्या वंशावळी, दर्शनी भिंतीवरील सनदा आणि गल्ल्यामागची हार घातलेली तसबीर या साधनांवर विसंबून न राहता, वेटरच्या डाव्या खांद्यावर विसावलेल्या त्या ओलसर, करड्या आणि मूळचा रंग कोणता याविषयी विद्वानांत मतभेद व्हावेत अशा फडक्याकडे प्रथम वळावे, अशी माझी नम्र सूचना आहे. (या आडनावाच्या सन्माननीय कुटुंबीयांनी, आणि विशेषतः त्यांच्यातील कादंबरीकारांच्या चाहत्यांनी, गैरसमज करून घेऊ नये, प्रस्तुत बखरीचा नायक निराळा आहे.) पहाटे दुकानाची फळी उघडताच हे फडके कामावर रुजू होते. प्रथम ते टेबलावरून रात्रीच्या मुंग्या लोटते, मग सांडलेला चहा टिपते, मग कपाच्या बुडाचे थेंब, मग चमचा, मग तापलेल्या पातेल्याचा कान, मग वेटरचे कपाळ, आणि हे सर्व अनुभव गाठीशी बांधून पुन्हा टेबलाकडे येते. मध्यंतरी त्यास एका बादलीत बुडवून पिळण्याचा विधी होतो. परंतु त्या बादलीतले पाणी फडक्यास शुद्ध करते की फडकेच पाण्यास आपल्यासारखे करून सोडते, हा प्रश्न बीजवृक्षन्यायाइतकाच अनिर्णित राहिला आहे.

जंतुशास्त्र जाणणारे लोक सांगतात की सूक्ष्म जीवांस वाढण्याकरिता ओलावा, ऊब आणि अन्नाचा कण एवढ्या तीन गोष्टी पुरतात. या तिन्ही गोष्टी एका हात लांबीच्या कापडात एकवटण्याची किमया आमच्या वेटरास कोणी शिकवलेली नाही. ती उपजतच आहे. आतल्या अंगास हेच फडके, किंवा त्याचा सख्खा भाऊ, कोंबडी कापलेल्या ओट्यावरून फिरून काकडी चिरावयाच्या पाटावर येतो. कोंबडीच्या संगतीने येणारा साल्मोनेला नावाचा जंतू रस्सा उकळला की मरतो, हे खरे. पण काकडी काही कोणी उकळून खात नाही.

सरकारदरबारी या विषयाची तजवीज नाही, असा आक्षेप मात्र कोणी घेऊ नये. 1954 सालचा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा दीर्घकाळ राज्य करून पेन्शनीत निघाला, त्याच्या गादीवर 2006 सालचा अन्न सुरक्षा व मानके कायदा बसला, आणि 5 ऑगस्ट 2011 रोजी त्याची परवान्याविषयीची नियमावली अंमलात आली. त्या नियमावलीस जोडलेली चौथी अनुसूची जो शांत चित्ताने वाचील त्यास वाटेल, की सोवळ्यातील एखाद्या आजीबाईने सांगावे आणि कचेरीतील कारकुनाने मुकाट्याने टिपून घ्यावे, असा हा मजकूर आहे: आचाऱ्याने नखे कापावीत, डोके झाकावे, जखम उघडी ठेवू नये, कामावर असता तंबाखू चघळू नये की थुंकू नये, वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, विषमज्वराची लस टोचून घ्यावी, गरम पदार्थ 60 अंशांच्या वर आणि थंड पदार्थ 5 अंशांच्या खाली राखावा. यातील प्रत्येक कलम मालकास शिरसावंद्य आहे. म्हणून तर त्याने आपल्या चौदा आकडी क्रमांकाची सनद काचेच्या चौकटीत घालून गणपतीशेजारी टांगली आहे. आणि गणपतीस उदबत्ती ओवाळली की बुद्धीची जबाबदारी ज्याप्रमाणे आपल्यावरून उतरते, त्याचप्रमाणे सनदेवरची धूळ पुसली की स्वच्छतेची उतरते, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. धूळ कशाने पुसली, हे वाचकांनी ओळखले असेलच.

कायद्याची परिभाषा मात्र कधी कधी स्थानिक इतिहासाची कदर करीत नाही. अन्नात केस, खडा किंवा तत्सम पाहुणा आढळल्यास त्यास 54 व्या कलमात ‘बाह्य पदार्थ’ म्हटले असून त्यापायी एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आता झुरळासही याच कलमाखाली ओढावयाचे झाल्यास मोठा अन्याय होईल. कारण मालकाच्या आजोबांनी पागडी देऊन ही जागा घेतली त्याच्याही आधीपासून ज्याचे पूर्वज मोरीच्या फटीत पिढीजाद नांदत आले, आणि ज्याची वहिवाट एक दिवसही खंडित झाली नाही, अशा मिरासदारास ‘बाह्य’ ठरवून आणि कालपरवा आलेल्या आचाऱ्यास आतला मानून कोणत्या न्यायाने निवाडा करावयाचा?

नमुना घेण्याची रीत तर खानदानी आहे. अन्न सुरक्षा अधिकारी आमटीचा नमुना घेतो तो वाटीत नव्हे, तर चार भागांत, आणि प्रत्येक भागावर मोहोर लावून. एक भाग अन्न विश्लेषकाकडे रवाना होतो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या ताब्यात सुरक्षित राहतात, आणि मालकाने मागणी केल्यास चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. विश्लेषकाने 14 दिवसांच्या आत अहवाल द्यावा असा दंडक आहे. आता तीच आमटी गिऱ्हाइकाच्या पोटात चार तासांत आपला निकाल जाहीर करते, त्याला विश्लेषकाने काय करावे? शिवाय घेतलेल्या नमुन्याची किंमत नेहमीच्या विक्रीच्या दराने अधिकाऱ्याने चुकती करावी, असेही कायदा बजावतो. ही शेवटची बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

या सर्व व्यवस्थेत ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही, असा एक गरीब पदार्थ म्हणजे भात. झुरळ दिसते, केस दातात अडकतो, तेल नाकास कळते. भात मात्र पांढराशुभ्र, निर्विकार, साधुपुरुषासारखा पातेल्यात बसून असतो. सकाळी अकरा वाजता शिजलेला हा भात दुपारच्या थाळीतून उरतो, चार वाजेपर्यंत झाकणाखाली कोमट होत जातो, संध्याकाळी त्यावर जिऱ्याची फोडणी पडून तो जीरा राईस होतो, आणि रात्री नऊनंतर सोया सॉस व कोबी यांची दीक्षा घेऊन फ्राइड राईस या नावाने परदेशगमन करतो. तांदळाबरोबर येणाऱ्या बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूची बीजे शिजवण्याने मरत नाहीत; भात कोमट राहिला की ती फुटतात, वाढतात आणि ओकारी आणणारे एक विष तयार करतात, जे पुन्हा कढईत कितीही परतले तरी नष्ट होत नाही. फोडणीच्या खमंग वासाने गिऱ्हाइकास वाटते की अन्न ताजे आहे. वास ताजा आहे, एवढेच खरे. भात लवकर निववून शीतकपाटात ठेवणे हा यावरचा साधा इलाज. परंतु शीतकपाटात जागा कोठे असते? वरच्या फळीवर कच्ची कोंबडी ठिबकत असते, तिच्या खाली चिरलेली कोशिंबीर ते तीर्थ ग्रहण करीत असते, आणि उरलेली जागा लाल, पिवळ्या व पांढऱ्या ग्रेव्ह्यांच्या डब्यांनी व्यापलेली असते, ज्यांतून भोजनपत्रिकेवरील यच्चयावत भाज्यांचा जन्म होतो.

तेलाविषयी थोडक्यात सांगतो. पुनःपुन्हा तापवलेल्या तेलात जे ध्रुवीय घटक साचतात त्यांचे प्रमाण 25 टक्क्यांहून अधिक होता कामा नये, असा हुकूम 1 जुलै 2018 पासून जारी आहे. घटक मोजण्याचे यंत्र मी कोणत्याही कढईशेजारी पाहिलेले नाही. कढईत आपले प्रतिबिंब दिसेनासे झाले की तेल बदलावे, अशी दस्तुरी आहे, आणि बदलावे म्हणजे पलीकडच्या गाडीवाल्यास विकावे. त्या गाडीवर तळलेला वडा वर्तमानपत्राच्या ज्या तुकड्यात बांधून मिळतो त्याची शाई पोटात जाऊ देऊ नका, असा इशारा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 सालीच दिला आहे. प्रस्तुत सदराची अंतिम गतीही तीच असल्याने, या बाबतीत मी अधिक बोलणे शोभणार नाही. निदान वाचकांच्या हृदयापर्यंत नाही तरी जठरापर्यंत माझे लेखन पोहोचते, हे समाधान मला सोडवत नाही.

गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या गावी एसटी चुकल्यामुळे स्टँडसमोरच्या हॉटेलात मिसळ मागवून मी बसलो होतो. मिसळ येईतो वेळ घालवावा म्हणून काळ्या बॅगेतून वही काढली, चश्मा नाकावर घेतला, छताच्या जळमटाकडे पाहिले, फडक्याकडे पाहिले, आणि याच लेखाचे एक टिपण लिहावयास घेतले. दोन ओळी होतात न होतात तोच वेटरच्या खांद्यावरून फडके अदृश्य झाले. पाठोपाठ घडीच्या रेघा न मोडलेले, कोपऱ्यास किमतीची चिठ्ठी टोचलेले एक शुभ्र फडके प्रकट झाले आणि माझ्या टेबलावरून इतक्या हळुवारपणे फिरू लागले, की जणू ते टेबल आजारी आहे. आत भांडी आदळल्याचा आवाज झाला, मोरीवर घागरभर पाणी पडले, आचाऱ्याच्या डोक्यावर कागदी टोपी चढली. ती उलटी होती. गल्ल्यावरचे मालक हात जोडून समोर उभे राहिले.

“साहेब, वर्दी न देताच येणं केलंत?”

मी साहेब नाही, असे सांगण्याचा मी तीन वेळा प्रयत्न केला. परंतु प्रत्येक नकारासरशी त्यांची खात्री दृढ होत गेली, कारण खरा साहेब असेच म्हणतो, असा त्यांचा अनुभव असावा. मिसळ आली ती वाफाळत, वेगळ्या बशीत लिंबू, उकळलेले पाणी पेल्यात, आणि चमचा गरम पाण्यातून काढलेला. उभ्या आयुष्यात इतके निर्भय जेवण मी कोणत्याही हॉटेलात जेवलो नव्हतो. शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा शेतकरी, ज्याच्यापुढे याच पातेल्यातली मिसळ दहा मिनिटांपूर्वी निराळ्या थाटात आली होती, तो माझ्या चमच्याकडे पाहत राहिला.

उठताना मी बिल विचारले.

“राहू द्या की साहेब. आपलंच हॉटेल आहे.”

मी कायद्याचे ते कलम स्मरून सत्तर रुपये मोजून गल्ल्यावर ठेवले. मालकांनी नोटांकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा नोटांकडे, आणि त्यांच्या मुद्रेवर आधी संशय, मग उलगडा आणि शेवटी निखळ संताप असे तीन भाव क्रमाने उमटून गेले.

“अरे बंड्या,” ते आत तोंड करून ओरडले, “हे गिऱ्हाईक आहे!”

आचाऱ्याने टोपी काढून खिळ्यास अडकवली. पांढरे फडके जुन्याच घडीवर मुडपून, चिठ्ठीसकट, गल्ल्याच्या खणात गेले. मी विसरलेला चश्मा घेण्यास टेबलाकडे वळलो, तोच करडे फडके पूर्ववत खांद्यावरून उतरले, आणि मी हात उचलण्यापूर्वीच बंड्याने टेबल पुसून काढले, चश्म्यासकट.